तीन नंबरचा कौल

सोमवार, ८ फेब्रुवारी १९९९. सकाळी ११.

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. मोठ्या माणसांच्या वह्या त्यांच्या पश्चात सापडतात, म्हणून अक्षर तेवढं बरं काढणार.

परिस्थिती अशी. आमचा आंबा बागायतदारांचा संघ. ऑफिसात एक युनिक्स मशीन. ते चालवणारा मी, आगाशे, संगणक प्रमुख. रत्नागिरीत एसीत बसून काम करणारी जी थोडी माणसं आहेत, त्यांतला एक. एसी मशीनसाठी आहे असं लोक बोलतात. बोलोत.

ऑफिसपासून सत्तर मीटरवर पॅकिंग शेड. शेडात नवा पीसी आलाय. तो आणि युनिक्स मशीन एकमेकांना जोडायचे. त्यासाठी मशीनमध्ये नेटवर्क कार्ड बसवायचं आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, कॉन्फिगर करायचा. कार्ड साबणाच्या वडीएवढं आहे. साबणाला घाबरणारा माणूस मी नव्हे.

चेअरमन राजाभाऊ मीटिंगमध्ये म्हणाले, पाडव्याला पहिली पेटी निघते, त्याआधी नेटवर्क पाहिजे. नाही झालं तर एसीतली खुर्ची मृणालीला आणि आगाशे गुहागर डेपोला. सगळे हसले. मीही हसलो. मृणाली हसली नाही, हे टिपून ठेवलं आहे. ती चिपळूण शाखेतून बदलून आलेली. वय चौतीस. मी अठ्ठेचाळीस. मला आगाशेकाका म्हणते. चौदा वर्षांच्या फरकात काका कसला होतो?

अंदाज: दोन तास. घाई नको म्हणून बुधवारपर्यंत मुदत घेतली.

दुपारी ४. कॅबिनेट उघडलं. पत्र्याची कड बोटात घुसली. मदरबोर्डावर रक्ताचे थेंब. पत्र्याच्या कानाखाली एक वाजवली. आता कोण मालक आहे ते मशीनला कळलं असेल.

बुधवार, १० फेब्रुवारी.

कार्डाला काही सांगायचं असलं की ते मशीनला घंटा देतं. प्रत्येक वस्तूच्या घंटेला नंबर असतो. या नंबराला आयआरक्यू म्हणतात. आमच्या कार्डाचा नंबर एका प्लास्टिकच्या टोपीने ठरतो. टोपी तांदळाच्या दाण्याएवढी. कारखान्यातून तीनवर बसून आली आहे.

ती काढून बघावी म्हणून नखाने प्रयत्न केला. नख गेलं. पक्कड लावली, पक्कड निसटून हनुवटीवर बसली. मग दाताने. दाढेचा कोपरा उडाला. टोपी जागची हलली नाही.

सखोल विचार केल्यावर माझं मत झालं की तीनच नंबर योग्य आहे.

फक्त एक चूक झाली. राजाभाऊंपाशी बोलता बोलता म्हणून गेलो की एक नंबर निवडायचा आहे. ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, निवडायचं असेल तर कौल लावू. संघाची विहीर, शेडची जागा, ट्रक आणि राजाभाऊंचे दोन जावई, सगळं ग्रामदेवतेच्या कौलाने ठरलेलं आहे. मी म्हटलं, राजाभाऊ, हे युनिक्स आहे. ते म्हणाले, असेल, पण आहे रत्नागिरीत.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी.

कौल लावला. मी विज्ञाननिष्ठ माणूस, पण संस्थेच्या शिस्तीपुढे मान तुकवतो.

आत्माराम गुरवाने देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवल्या. विचारलं, प्रश्न काय? कार्डावर तीन, पाच, दहा, अकरा, बारा असे नंबर छापलेत. पण देवाला बाजू दोनच. म्हणून दहापासून पुढचे मी स्वतःच्या अनुभवावर बाद केले. म्हटलं, उजवी पडली तर तीन, डावी पडली तर पाच.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. आम्ही अर्धा तास उभे. मग उजवी पडली. तीन!

देवाचं आणि माझं मत एक निघालं. राजाभाऊंनी माझ्या पाठीवर थाप मारली. तोल जाऊन कपाळ घंटेवर आपटलं. गुरव म्हणाला, आता ह्यो देवाचा शबूद, परत फिरवायचा न्हाय. मी कशाला फिरवतोय?

शनिवार, १३ फेब्रुवारी.

ड्रायव्हर टाकला. आयआरक्यू विचारल्यावर तीन दाबलं, जरा जोरातच. वीस मिनिटं मशीन स्वतःशी कुरकुरत नवं कर्नल, म्हणजे युनिक्सचा गाभा, बांधत होतं. मग रीबूट. सुरू होताना पडद्यावर सगळ्या हार्डवेअरची यादी येते. तिथे एक नाही, दोन ओळींत तीन दिसलं. एकदा कार्डासमोर आणि एकदा सिरीयल पोर्टासमोर. अंगावर काटा आला. देवाने दोनदा सही केली होती!

शेडातल्या पीसीला पिंग केलं. पिंग म्हणजे इकडून हाक मारायची आणि तिकडून ओ येते का बघायची. ओ आली नाही.

तेवढ्यात बाहेरून मालनबाईंची आरोळी. मालनबाई आवक क्लार्क. बागायतदारांची नावं आणि पेट्या त्या टर्मिनलवर चढवतात. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, त्याची वायर याच मशीनच्या सिरीयल पोर्टात येते. ते गोठलं होतं. मी पाहायला गेलो आणि त्यांच्या कीबोर्डला हात लावला. त्यांनी आखणीचा रूळ माझ्या बोटांच्या पेरांवर मारला. म्हणाल्या, तेवीस वर्षं माझं टेबल कोणी चाळवलं नाही, आगाशे.

रूळ सागवानी आहे. संघाच्या मालकीचा आहे. याबद्दल लेखी तक्रार करणार.

मंगळवार, १६ फेब्रुवारी.

आज ड्रायव्हर सात वेळा मारला आणि सात वेळा जिवंत केला. पिंगला ओ नाही.

एक गोष्ट मात्र शास्त्रीय पद्धतीने शोधून काढली. कार्ड काढलं की मालनबाईंचं टर्मिनल चालतं. कार्ड घातलं की मरतं. दर वेळी. निष्कर्ष उघड आहे. मालनबाई कार्डावर काहीतरी करतात.

चिडून मॅन्युअल भिरकावलं. सहाशे पानी आहे. ते दारात बाबूच्या छातीवर बसलं. बाबू आमचा शिपाई, पूर्वी मालवाहू बोटीवर खलाशी होता. त्याने ते उचललं, पुसलं आणि परत फेकलं. माझा नेम त्याच्याइतका चांगला नाही. डाव्या भुवईला दोन टाके. डॉक्टरांनी विचारलं, कशाने लागलं? मी सांगितलं, वाचनाने.

निश्चय: यापुढे राग नाही.

शनिवार, २० फेब्रुवारी.

दोष केबलचा असणार. केबल ऑफिसातून काजूच्या झाडावरून शेडात जाते. झाडावर वानर असतात. वानरांचं आणि माझं पूर्वीपासून बरं नाही.

काठी घेऊन स्वतः झाडावर चढलो. केबल धडधाकट. वर वानर नव्हते, तांबड्या मुंग्या होत्या. मी एकटा आणि त्या चार-पाचशे. शर्टात शिरल्या, मग पुढे. काठीने स्वतःलाच मारत होतो असं शेडातल्या बायका सांगतात. मी मुंग्यांना मारत होतो. फांदी सुटली. खाली आंबे भरायच्या लाकडी जाळ्यांच्या ढिगावर पडलो. जाळ्या बारा फुटल्या.

मृणालीने हळद आणून दिली. वर म्हणाली, काका, केबल नको बघायला, मला वाटतं घोळ मशीनमध्येच आहे. मी म्हटलं, चिपळूणला पूर येतो म्हणून तिथल्या प्रत्येकाने पोहायला शिकवू नये. ती गेली. उत्तर सुचलं नसावं.

सोमवार, १ मार्च. होळी.

संघाच्या मैदानात होळी पेटली. पहिल्या बोंबा रिवाजाप्रमाणे. नंतर कोणीतरी ओरडलं, आगाशाच्या कार्डाच्या नावानं! दोनशे माणसं तोंडावर हात मारून बोंबलत होती. त्यात आमची ही होती. ती नंतर म्हणाली, गर्दीत वेगळं कसं दिसायचं?

मी पुढे जाऊन एकाची गचांडी धरली. तो बाबू निघाला. होळीभोवती दोन फेऱ्या झाल्या. पहिली मी त्याच्यामागे, दुसरी तो माझ्यामागे. लेंग्याचा डावा पाय जळला. रिवाज म्हणून सोडून दिलं.

शुक्रवार, ५ मार्च. दुपारी २.

तेरा दिवस उरले. शांतपणे काम करायचं ठरवलं. राग आला तर डोळे मिटायचे.

आज चौतिसावं कर्नल. रीबूट. तेच दोन तीन, तोच मुका पिंग. डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी कॅबिनेटला लाथ मारली. डोळे उघडे असते तर खाली दगडी पायरी आहे हे दिसलं असतं. पायाच्या अंगठ्याचं हाड मोडलं.

युनिक्स हसतं. पंख्याचा आवाज आहे असं मृणाली म्हणते.

ही घरी म्हणाली, अहो, जमत नसेल तर त्या पोरीला विचारा ना एकदा. मी पाणी प्यायचा तांब्या उचलला. हिने वरवंटा उचलला. तांब्या जागेवर ठेवला. आमच्या संसारात विचारांची देवाणघेवाण मोकळी आहे.

मंगळवार, ९ मार्च.

मृणालीने आज हद्द केली. मशीन सुरू होताना माझ्या मागे उभी होती. पडद्यावरच्या त्या दोन ओळींवर बोट ठेवलं. म्हणाली, काका, मालनबाईंच्या टर्मिनलचा पोर्ट तीन आणि कार्डही तीन. एकाच घंटेवर दोघं बसलेत. कोणी वाजवली ते मशीनला कळणार कसं? कार्डाला दहा द्या, दहा मोकळा आहे.

मी विचारलं, देवाचा कौल तीन आहे, तुम्हाला माहीत आहे ना? ती म्हणाली, माहीत आहे, पण... मी 'पण' पूर्ण होऊ दिलं नाही. हातातला कप भिंतीवर फोडला. चहा गरम होता. बराचसा माझ्याच हातावर आला.

विज्ञाननिष्ठ असणं वेगळं आणि श्रद्धेची टिंगल करणं वेगळं. शिवाय दहा करायचं म्हणजे ती टोपी पुन्हा काढायची. दाढ आता एकाच बाजूची धड आहे. आणि राजाभाऊंना काय सांगू? की देवाला मी नीट विचारलं नाही? माझ्या शब्दावर अख्ख्या संघाने हात जोडलेत.

ठरलं. नंबर बदलणार नाही. युनिक्सला झुकावं लागेल.

शुक्रवार, १२ मार्च.

मालनबाईंशी शेवटचं बोललो. सभ्य भाषेत सांगितलं की त्यांचं टर्मिनल देवाच्या कामात अडथळा आणतं आहे, तरी पाडव्यापर्यंत त्यांनी वहीवर काम करावं. त्यांनी विचारलं, ऐन हंगामात? मी म्हटलं, हो. त्यांनी विचारलं, दीडशे बागायतदारांचं? मी म्हटलं, हो.

पुढचा तपशील थोडक्यात. प्रथम स्टेपलर. मग पंचिंग मशीन. मग रूळ, पूर्वीचाच, पण या वेळी दोन्ही हातांनी. मीही जोरदार प्रतिकार केला. टेबलाखाली जागा कमी असल्यामुळे तो वरून नीट दिसला नाही. मृणालीने त्यांचा हात धरला म्हणून थांबल्या. म्हणजे त्या वाचल्या, असं मी मानतो.

कानाच्या मागे टेंगूळ. पडद्यावरची अक्षरं दोन-दोन दिसतात. आता चार तीन दिसतात.

सोमवार, १५ मार्च.

विजय!

सकाळी उठलो तेव्हाच ठरलं होतं. शत्रूचं मूळ कापायचं. शेडातून कोयती आणली, नारळ सोलायची असते ती. अकरा वाजता मालनबाईंच्या टर्मिनलची वायर जिथे भिंतीतून येते, तिथे एक घाव. दुसरा घाव. तिसऱ्याला वायर तुटली आणि चौकटीचा ढलपा उडून राजाभाऊंच्या फोटोच्या काचेत गेला. रीबूट केलं. पिंग केलं.

ओ आली! एका ओळीमागून एक, शेडातून, सत्तर मीटरवरून! कोयती उंच धरून ओरडत बाहेर धावलो.

बाहेर पाडव्याच्या पेटीसाठी नावं नोंदवायला साठ बागायतदार रांगेत उभे होते. सकाळी सातपासून. मालनबाई मेलेल्या पडद्यासमोर बसल्या होत्या. त्यांनी नुसतं माझ्या हातातल्या कोयतीकडे बोट दाखवलं.

साठ माणसांनी मला उचललं. खरंच, पाय जमिनीला लागत नव्हते. अशी लोकप्रियता मी पूर्वी अनुभवली नव्हती. वाटेत तीन-चार जणांनी पाठीत गुद्दे घातले, एकाने कॉलर फाडली, कोणीतरी पिकायला ठेवलेला फणस माझ्या डोक्यावर ठेवला. ठेवला म्हणजे वरून सोडला. राजाभाऊंच्या टेबलावर मला आडवं ठेवण्यात आलं.

मी तिथूनच कळवलं, साहेब, नेटवर्क चालू झालं. राजाभाऊंनी विचारलं, आणि नोंदणी? मी म्हटलं, सगळं एकदम होत नाही.

त्यांनी शब्दाने उत्तर दिलं नाही. पेपरवेट काचेचा होता.

बुधवार, १७ मार्च.

दोन दिवस पडून. मधल्या काळात काय झालं ते बाबूने येऊन सांगितलं. तो चांगला माणूस आहे. त्याने संत्री आणली. तीनच आणली, पण आणली.

मृणाली काल सकाळी देवळात गेली. आत्माराम गुरवाला म्हणाली, देवाला एवढंच विचारा, दहा चालेल का? चालणार असेल तर उजवी. गुरव चक्रावला. म्हणाला, तुमच्या त्या आगाशांनी तीन नायतर पाच असंच इचारलानी. दहा इचारलाच नाय, तर देव बोलंल कुठनं? कळ्या लावल्या. गाऱ्हाणं संपायच्या आत उजवी पडली. बाबूचं म्हणणं, देव वाटच बघत होता.

मग तिने ऑफिसात येऊन कॅबिनेट उघडलं. टोपी केसांतल्या पिनेने काढली. दहावर बसवली. ड्रायव्हरला दहा सांगितलं. वायर जोडून घेतली. पिंगही चालू, मालनबाईंचं टर्मिनलही चालू. वेळ किती लागला? बाबू म्हणाला, चहा सांगून येईस्तोवर. मी विचारलं, आमच्या टपरीवरचा चहा की नाक्यावरचा? टपरीवरचा.

माझं मत: तिला आयता तयार ड्रायव्हर मिळाला. छत्तीस वेळा कर्नल बांधून ते मी मऊ करून ठेवलं होतं.

गुरुवार, १८ मार्च. पाडवा.

आज कामावर हजर. डोक्याला पट्टी, पायाला प्लास्टर. हिने पाडव्याचं म्हणून डब्यात श्रीखंड-पुरी दिली. सकाळी थोडा वेळ एसीत बसलो. खुर्चीने मला ओळखलं.

शेवटची चाचणी. ऑफिसातून मजकूर पाठवायचा, तो शेडात उमटतो का बघायचं. शेडातल्या पडद्यासमोर कोणी बसायचं? राजाभाऊ स्वतः म्हणाले, आगाशेच बसू दे. म्हणजे अनुभवाची किंमत आहे अजून. गुढी उभारलेली, पहिल्या पेटीवर हार, ट्रक चालू. साठच्या साठ बागायतदार माझ्या मागे उभे.

अकरा बेचाळीस. पडद्यावर अक्षरं उमटायला लागली. डावीकडून एक एक. मी ओरडलो, आलं! आलं! टेबलावर असा गुद्दा मारला की माऊस उडाला. बाबूला मिठी मारली. प्रिंटरमध्ये कागद नव्हता, तो स्वतःच्या हाताने घातला आणि छापून कागद सगळ्यांना उंच धरून दाखवला. टाळ्या झाल्या. एवढ्या टाळ्या मला नोकरीत कधी मिळाल्या नव्हत्या. मग एका म्हाताऱ्या बागायतदाराने विचारलं, लिवलंय काय त्यात?

मोठ्याने वाचलं. आगाशे, रिपोर्ट गुहागर डेपो, मंडे मॉर्निंग.

नेटवर्कवरून अक्षरं एकही न गाळता आली, हे नमूद करतो.

सोमवार, २२ मार्च. गुहागर.

डेपो म्हणजे पत्र्याची शेड, एक टेबल, भिंतीला एक फोन. जाळ्या मोजायच्या, खडूने खूण करायची. सकाळपासून एका जाळीच्या तारेशी आणि एका बैलाशी वाद झाले. दोन्ही सुटले.

सव्वाअकराला फोन वाजला. रत्नागिरी. मृणाली. मला माहीत होतं. चार दिवससुद्धा निघाले नाहीत. सात रिंगा वाजू दिल्या. उचलून म्हटलं, बोला, काय बंद पडलं? ती म्हणाली, कुठे काय? मी म्हटलं, लाजू नका, तो ड्रायव्हर माझ्या हाताखाली वाढलाय, दुसऱ्या कोणाला जुमानणार नाही. काय अडलंय ते सांगा, दुपारच्या एसटीने येतो. खुर्चीचं नंतर बघू.

ती म्हणाली, काका, नेटवर्क छान चाललंय. तुमचा डबा राहिला होता. मशीनच्या मागे, पाडव्यापासून. आज वास कशाचा म्हणून आम्ही एसी उघडला, मशीन उघडलं. शेवटी मालनबाईंना सापडला. श्रीखंड होतं का हो?

हो म्हटलं. दुपारच्या एसटीने पाठवून द्या म्हटलं.

ती म्हणाली, उघडायचं कोणाचं धाडस होईना, बाबूने तसाच खाडीत टाकला.

फोन आपटला. तो खिळ्यासकट निघून मांडीवर आला.

शनिवारी घरी जायचं आहे. डबा हिच्या माहेरचा होता.